खालच्या आजी आणि माझा वीस वॅट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रांच्या सदरात डीजे, फटाके, भोंगे यांच्यावर दरवर्षी ढीगभर पत्रं येतात आणि यायलाच पाहिजेत, पण बिल्डिंगच्या आत आपणच जो आवाज करतो त्यावर कुणी लिहीत नाही. मी लिहितोय, कारण आमच्याकडे आवाज करणारा मीच होतो.

वय ४७, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, दीड वर्षापासून इलेक्ट्रिक गिटार शिकतोय (हसू नका, मुलगी हसून झालीये). लोकलने घरी यायला साडेआठ, जेवणखाण आवरून गिटार हातात घेईपर्यंत पावणेदहा, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र सुरू होते बरोबर दहाला. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. म्हणजे नोकरदार माणसाला सरावाला पंधरा मिनिटं. हे आकडे परिसराच्या सरासरी आवाजाचे आहेत, माझ्या बेडरूममधल्या गिटारचे नाहीत, हे मला कळतं, पण खालच्या मजल्यावरच्या आजींना हे समजावायला जाणार कोण?

चूक दुकानात अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) घेताना झाली. विकणारा म्हणाला सर ४० वॅटचाच घ्या, उद्या स्टेजवर वाजवलंत तरी चालेल. कसलं स्टेज, मला अजून एफ कॉर्ड धड लागत नाही, पण त्या वेळी छाती फुगली आणि घेतला. पहिल्याच रविवारी आजींचा नातू वर आला. मग परत जाऊन, वर पैसे घालून २० वॅटचा आणला, वॅट अर्धे म्हणजे आवाज अर्धा असं साधं गणित. बुधवारी नातू पुन्हा वर.

मग जरा वाचायला बसलो तेव्हा कळलं की हे गणितच चुकीचं आहे. वॅट अर्धे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. अर्धा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे ४० च्या जागी ४ वॅट, आणि तेही दोन्ही फुल्ल ठेवले तर. घरात फुल्ल कोण ठेवतं? सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० नावाचा बारा इंची स्पीकर गिटारवाल्यांत फार प्रसिद्ध, त्याला एक वॅट दिला तर एक मीटरवर १०० डेसिबल. एक वॅट! त्याच स्पीकरला ७० डेसिबलसाठी वॅटचा हजारावा भाग पुरतो. माझ्या अँपमधला आठ इंची स्पीकर एवढा कडक नसेल पण हिशोब तोच, १९ वॅट नुसते बसून असतात आणि व्हॉल्यूमचं बटण शून्य आणि एकच्या मध्ये केसभर हललं की एकदम भडका, त्यामुळे मी रोज रात्री ते बटण तिजोरी उघडणाऱ्या चोरासारखं फिरवायचो.

दुसरं म्हणजे ट्यूब अँपचं, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या अँपचं वेड. सगळे सांगतात की खरा आवाज ट्यूबचाच, आणि ते खोटं नाही, पण त्या ट्यूबना जोर लावला की त्या जो फाटका, गोड आवाज देतात तो मोठ्याने वाजवल्यावरच निघतो. ५ वॅटचा छोटासा ट्यूब अँपसुद्धा त्या जागेपर्यंत नेला तर फ्लॅटला जड जातो, आणि हळू ठेवला तर ज्यासाठी पैसे मोजले तेच मिळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, फ्लॅटवाल्याने ट्यूबच्या नादी लागू नये. डिजिटल, ज्याला मॉडेलिंग अँप म्हणतात, ते हा फाटका आवाज आतल्या चिपमध्येच तयार करतात, बाहेर किती मोठा सोडायचा ते वेगळं. यामाहाचे टीएचआर तर टेबलावर ठेवून घरात वाजवायलाच बनवलेत. बॉसच्या कटाना ५० वर ताकद अर्ध्या वॅटवर आणायची सोय आहे. साधा स्वस्तातला अँप घ्यायचा असेल तरी गेन (आवाज किती फाटवायचा) आणि मास्टर (बाहेर किती मोठा सोडायचा) अशी दोन वेगळी बटणं आहेत का बघा, गेन वर मास्टर खाली, काम होतं.

आता आजींचा मुद्दा. त्यांना सूर ऐकूच येत नव्हते हो, त्यांना नुसतं धप धप ऐकू यायचं! गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि मी अँप थेट लादीवर ठेवलेला, म्हणजे सगळा थरथराट स्लॅबमधून थेट त्यांच्या देवघरात. त्यात आपला कान असा की हळू आवाजात त्याला खालचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलंय, मग आपल्याला आवाज पोकळ वाटतो, आपण बेसचं बटण वाढवतो, आणि जे आपल्याला नीट ऐकू येत नाही तेच खालच्याला पोचवतो. मी अँप लाकडी स्टुलावर घेतला, खाली जुन्या गोधडीची घडी, तोंड कॉमन भिंतीपासून फिरवलं, बेस निम्म्याच्या खाली. फरक पडला. एका मित्राच्या सांगण्यावरून अंड्याचे ट्रे पण चिकटवले होते, त्याने खोलीतला घुमारा जरा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अजिबात थांबत नाही, आणि बायको आठवडाभर बोलत नाही.

पण दहानंतर उपाय एकच, हेडफोन. अँपला हेडफोनचं भोक नसेल तर दुकानातून सरळ बाहेर पडा. त्याहून स्वस्तात व्हॉक्सचं अँपप्लग मिळतं, काडेपेटीहून थोडं मोठं, गिटारमध्येच खोचायचं, दोन बारीक सेलवर चालतं. ही कल्पना नवी नाही, अमेरिकेतल्या बोस्टन या रॉक बँडचा टॉम शोल्झ, तिकडच्या एमआयटीत शिकलेला इंजिनिअर, त्याने १९८२ मध्येच रॉकमन नावाचा हेडफोनचा अँप काढला होता. फक्त ब्लूटूथचे हेडफोन वापरू नका, तार छेडल्यावर आवाज कानात उशिरा येतो आणि ताल पार बिघडतो, वायरवालेच घ्या. काही जण म्हणतात अँपच कशाला, कोरडीच वाजव. मी चार महिने तेच केलं, पण मग हात उगाच जोरात मारायची सवय लागते आणि नको त्या तारांची खरखर कळतच नाही, ती गिटारचे सर कान धरून दाखवतात.

आणि अमेरिकेतल्या मावसभावाला आणायला सांगणार असाल तर मागचं लेबल आधी बघायला लावा. तिकडचे बरेच अँप १२० व्होल्टचे, आपल्याकडे २३०, थेट लावलात तर पहिल्या कॉर्डआधीच धूर. अॅडाप्टरवर १०० ते २४० लिहिलं असेल तर काळजी नाही.

आता माझ्याकडे टेबलावरचा छोटा अँप आहे, दहापर्यंत हळू, दहानंतर हेडफोन, नातू वर येत नाही. तो २० वॅटचा मात्र पलंगाखाली धूळ खात पडलाय, विकायचाय, दोन गिऱ्हाईकं येऊन पण गेली, पण दोघंही फ्लॅटमधलेच निघाले म्हणून मीच नको सांगून परत पाठवली. कुणाचं शेतावर घर असेल तर कळवावं.

आपला,
एक शिकाऊ गिटारवाला, डोंबिवली (पूर्व)