ओझरच्या काकांना, सर्व्होबद्दल मनापासून थँक्यू

काका, सा. न.

तुम्ही फोन फक्त बोलायला वापरता हे मला माहितीय, त्यामुळे हे काकू नाहीतर तुमचा नातू वाचून दाखवेल असं धरूनच लिहितेय. समोर आले की तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच "अगं ते राहू दे, तो पुशरॉड दाखव आधी" असं करता. म्हणून म्हटलं लिहूनच टाकू, आणि सगळ्यांसमोर लिहू, कारण 'माझ्या रिमोटच्या प्लेनला कुठला सर्व्हो (पंख-शेपटीचे हलणारे भाग फिरवणारी छोटी मोटर) घेऊ' हा प्रश्न विचारणारी मी एकटी नाही. नवीन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो आणि त्याला उत्तर म्हणून एक मॉडेल नंबर मिळतो. तुम्ही मला नंबर दिला नाहीत, सर्व्हो निवडायचा कसा ते दिलंत. त्याची किंमत मला आता कळतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी एचटी-२ चं मॉडेल बांधतेय, एकास सहा स्केलमध्ये. एचटी-२ म्हणजे एचएएल या सरकारी विमान कंपनीने बनवलेलं दोन सीटचं ट्रेनर विमान, १९५१ साली पहिल्यांदा उडालं, आणि ते डिझाइन करणारे डॉ. वि. मा. घाटगे, आपले मराठी माणूस, जर्मनीत गटिंगनला प्रांटल या वायुगतिकीतल्या दिग्गजाकडे शिकून आलेले. स्वतंत्र भारताच्या हवाई दलातल्या कितीतरी पायलटांनी पहिले धडे त्याच्यावर गिरवले. मूळ विमानाचा विंगस्पॅन, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत, १०.७२ मीटर, म्हणजे माझं मॉडेल १ मीटर ७८ सेंटिमीटरच्या आसपास. रेडीमेड किट नाही, सगळं बालसा आणि प्लायमधून आपलं आपण. आणि मी कॉमर्सवाली, टॉर्क (फिरवण्याचा जोर) वगैरे शब्द दहावीनंतर कधी कानावर पडले नव्हते.

तर सर्व्होचा विषय आला तेव्हा मला दोन टोकांची उत्तरं मिळत होती. कोणी म्हणे ९ ग्रॅमवाले लाव, चालून जातं. कोणी म्हणे डायरेक्ट २० किलोवाले (वजन नाही, जोर २० किलो-सेंटिमीटर) मेटल गिअर घे, टेन्शनच नको. ९ ग्रॅमवाले माझ्या एक मीटरच्या बायोफोमच्या प्लेनवर छान चालतात हे मी बघितलेलं होतं, पण हे विमान वेगळं आहे हेही कळत होतं. तुमच्याकडे आले तर तुम्ही सर्व्होचं नावच काढलं नाही, म्हणालात ड्रॉइंग आण आणि एलिव्हेटर (शेपटीचा वरखाली हलणारा भाग) किती रुंद आहे ते सांग.

मग तुम्ही जे समजावलंत ते मी इथे जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते, चुकलं तर रविवारी सांगा. सर्व्होला जोर लागतो तो हवा त्या एलिव्हेटरला मागे ढकलते म्हणून. हा ढकलण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे आरामात क्रूझ करताना जो सर्व्हो निवांत असतो तोच डाइव्हमध्ये घाम गाळतो, त्यामुळे हिशोब नेहमी डाइव्हच्या स्पीडचा करायचा. एवढं मी कुठेतरी ऐकलं होतं. पण रुंदीचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. एलिव्हेटरची लांबी दुप्पट केली तर लागणारा टॉर्क दुप्पट होतो, पण रुंदी म्हणजे कॉर्ड दुप्पट केली तर चौपट, कारण एक तर क्षेत्रफळ वाढलं आणि वर तो जोर बिजागरीपासून लांबही गेला. तुम्ही दारावर हात ठेवून दाखवलंत, बिजागरीजवळ ढकल, मग कडेला ढकल. त्या दिवसानंतर मी कुठलंही मॉडेल बघितलं की आधी सरफेसच्या, म्हणजे हलणाऱ्या भागाच्या, कॉर्डकडेच नजर जाते.

माझा एलिव्हेटर ५० सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद. ताशी ८० किलोमीटरला, एलिव्हेटर २० डिग्री वळला असं धरून तुम्ही वहीत हिशोब केलात तर आलं साधारण सव्वा किलो-सेंटिमीटर. बस्स एवढंच! मला विश्वास बसेना. लोक २० किलो म्हणत होते.

आणि मग तुम्ही तो आकडा अजून खाली आणलात, फक्त लिंकेजने, म्हणजे सर्व्हो आणि एलिव्हेटरमधल्या जोडणीने. सर्व्हो आर्मच्या (सर्व्होवरच्या फिरत्या पट्टीच्या) आतल्या भोकात पुशरॉड (जोडणारी दांडी), आणि हॉर्नच्या (एलिव्हेटरवरच्या पट्टीच्या) बाहेरच्या भोकात त्याचं दुसरं टोक. सर्व्हो ४५ डिग्री फिरला की एलिव्हेटर २० डिग्री फिरला पाहिजे अशी भोकं निवडायची, मग टोकाला सर्व्होवर येणारा भार अर्ध्या किलोच्या आसपास उतरतो. वर फायदा असा की गिअरमधला जो थोडा ढिलेपणा असतो तोही त्याच प्रमाणात कमी होऊन सरफेसपर्यंत पोचतो. बरेच जण उलट करतात, लांब आर्म लावतात आणि हालचाल जास्त झाली की रेडिओमध्ये एंडपॉइंट, म्हणजे सर्व्होने कुठवर फिरायचं ती मर्यादा, कमी करत बसतात. मग सर्व्हो अर्धाच फिरतो, जोरही अर्धा आणि बारीक कंट्रोलही अर्धा गेला. आधी मेकॅनिकली सेट कर, रेडिओला हात शेवटी लाव, हे तुमचं वाक्य मी वर्कबेंचच्या वर चिकटवलंय.

लेबलवरचा आकडा कसा वाचायचा हेही तुमच्यामुळे कळलं. ३ किलो-सेंटिमीटर म्हणजे आर्म ज्याभोवती फिरतो त्या केंद्रापासून १ सेंटिमीटरवर ३ किलो वजन, आणि तेही सर्व्हो जिथे अडून थांबतो तो स्टॉल टॉर्क, तिथे त्याने रोज काम करायचं नसतं. रोजच्या कामाला त्याचा तिसरा भाग धरायचा. त्यात तो आकडा ४.८ व्होल्टचा आहे की ६ चा ते बघायचं, दुकानवाले नेहमी मोठा तोच छापतात. फुताबाचा जुना एस३००३ घ्या, ४.८ व्होल्टला ३.२ किलो-सेंटिमीटर, वजन ३७ ग्रॅम. तिसरा भाग धरला तरी एक किलोच्या वर जातो आणि मला हवंय अर्धा. म्हणजे साधा स्टँडर्ड सर्व्हो पुरून उरतो. स्पीडचंही तेच, ६० डिग्री फिरायला ०.२ सेकंद लागले तर ट्रेनरला काहीच हरकत नाही, ०.१ च्या खालचे थ्रीडी, म्हणजे हवेतल्या कसरती, उडवणाऱ्यांनी घ्यावेत.

मी विचारलं होतं की मग जास्तीचा २० किलोवाला घेतला तर बिघडलं काय, जोर शिल्लक राहील ना. तुम्ही चिडला नाहीत, शांतपणे तराजू काढलात. तो सर्व्हो ६० ग्रॅमचा. शेपटीत २० ग्रॅम जास्त गेले की सीजी (गुरुत्वमध्य) जागेवर आणायला नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसं घालावं लागतं कारण शेपूट लांब आणि नाक आखूड, आणि एचटी-२ चं नाक काही फार लांब नाहीये. करंटही जास्त खाणार. आणि एवढ्या जोराचा सर्व्हो कुठे अडला तर स्वतः थांबत नाही, हॉर्नच उपटून काढतो.

आता ती अगरबत्तीच्या काडीची टेस्ट. काका, ही मी आत्तापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाला दाखवलीय. सर्व्हो टेबलवर क्लॅम्प करायचा, आर्मला २० सेंटिमीटरची काडी टेपने चिकटवायची, टोकाखाली कागद ठेवायचा. सर्व्हो टेस्टरने (रेडिओशिवाय सर्व्हो फिरवणारी छोटी डबी) सर्व्हो डावीकडे नेऊन मध्यावर आणायचा, खूण करायची, मग उजवीकडून मध्यावर आणायचा, परत खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या सर्व्होचा खरा स्वभाव. एक डिग्रीचा फरक असेल तर काडीच्या टोकाला साडेतीन मिलिमीटर दिसतो, डोळ्याला लगेच कळतो. मग काडी हलकेच बोटाने हलवून बघायची, गिअरमध्ये किती खेळ आहे ते. त्या दिवशी आपण पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणलेले सगळे सर्व्हो एकामागून एक लावले आणि एकाच डब्यातले, एकाच लेबलचे दोन सर्व्हो वेगवेगळे निघाले. लेबलवर मोठ्ठा टॉर्क लिहिलेला एक मेटल गिअरवाला तर दर वेळी वेगळ्याच जागी येऊन थांबायचा, आणि साधा नायलॉन गिअरचा मात्र रेषेवर रेष. तुम्ही म्हणालात, विमान सरळ उडतं ते सेंटरिंगवर, म्हणजे सर्व्हो नेमका मध्यावर परत येण्यावर, जोरावर नाही. एलिव्हेटर एक डिग्री इकडेतिकडे राहिला तर पायलट पूर्ण फ्लाइटभर ट्रिमच मारत, म्हणजे विमान सरळ ठेवायला रेडिओवर बारीक दुरुस्त्या करत बसतो.

मेटल की नायलॉन यावर लोक फार भांडतात पण तुमचं म्हणणं मला पटलं. नायलॉन हलका, खेळ कमी, पण झटका बसला की दात तुटतो. मेटल झटका सोसतो पण झिजतो, आणि झिजला की खेळ वाढतो, आणि हा खेळच एलरॉनसाठी (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) सगळ्यात वाईट कारण स्पीडला सरफेस फडफडायला लागला की फ्लटर, आणि फ्लटरमध्ये काही सेकंदांत एलरॉन उखडून जाऊ शकतो. म्हणून विंगमध्ये मी छोटेच पण चांगले, काडीच्या टेस्टमध्ये पास झालेले लावले. एलरॉनची कॉर्ड कमी आहे त्यामुळे जोर तसाही कमीच लागतो.

पॉवरचा भाग. यासाठी तर स्पेशल थँक्यू, कारण सर्व्हो निवडताना करंट कुठून येणार हे मला सुचलंच नसतं. मोटर ४एस लायपोवर (चार सेलची लिथियम बॅटरी), म्हणजे १४.८ व्होल्ट, फुल चार्जला १६.८. माझ्या ईएससीमधला (मोटरचा स्पीड कंट्रोलर) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणारा भाग, लिनिअर, तो १४.८ चे ५ करताना मधले जवळपास १० व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. चार सर्व्हो मिळून २ अँपिअर खेचायला लागले तर झाले २० वॉट, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी आच, तीही विमानाच्या बंद धडात. तो तापून बंद पडला की रिसीव्हर बंद, आणि रिसीव्हर बंद तर विमान आपलं राहत नाही. लोक म्हणतात सिग्नल गेला, इंटरफिअरन्स आला, आणि असतो तो ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज खाली पडणं. तुम्ही वेगळा, कमी तापणारा स्विचिंग बीईसी लावायला लावलात ५ अँपिअरचा, ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून ठेवायला सांगितलीत, आणि रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला मीटर लावून दोन्ही स्टिक सगळ्या बाजूंनी जोरात फिरवून दाखवल्यात, काटा हलता कामा नये. माझ्याकडे हलला नाही. माझ्यापेक्षा जास्त आनंद तुमच्या चेहऱ्यावर होता.

डिजिटल सर्व्हो जास्त भूक लागलेला असतो हेही तेव्हाच कळलं, अॅनालॉगच्या मोटरला सेकंदाला पन्नासेक वेळा धक्का मिळतो तर डिजिटलला तीनशेच्या आसपास, म्हणून तो जागा घट्ट धरून ठेवतो आणि म्हणूनच गुणगुणतो आणि बॅटरी खातो. एचव्ही (जास्त व्होल्टेज सोसणारा) नसलेल्या सर्व्होला २एस, म्हणजे दोन सेलची, लायपो थेट जोडू नका, फुल चार्जला ८.४ व्होल्ट असतात, जळेल.

बाकी बारीकसारीक खूप आहे. सर्व्होच्या स्क्रूभोवतीच्या रबर ग्रॉमेटमधलं पितळी आयलेट (बारीक नळी) खालून घालायचं, म्हणजे त्याची रुंद कड लाकडावर टेकते. फुताबाच्या आर्मला २५ दाते, हायटेकला २४, जेआरला २३, म्हणून एकाचा आर्म दुसऱ्यावर जबरदस्तीने बसवायचा नाही. कुठे सिग्नल पांढरा, कुठे पिवळा, कुठे नारंगी, पण लाल जवळपास नेहमी मध्ये. हे सगळं तुम्ही हात चालवता चालवता सांगत गेलात आणि मी लिहून घेत गेले.

काका, तुमचं आयुष्य एचएएलमध्ये खऱ्याखुऱ्या फायटर विमानांवर काम करण्यात गेलं, तुम्हाला माझ्या बालसाच्या विमानासाठी दुपारच्या दुपारी द्यायची काही गरज नव्हती. मी कॉमर्सवाली म्हणून तुम्ही एकदाही सोपं करायच्या नावाखाली अर्धवट सांगितलं नाहीत, वर्ग असेल तर वर्ग, हिशोब असेल तर हिशोब, कळेपर्यंत परत. काकूंचेही आभार, डायनिंग टेबलवर आठवडाभर सर्व्हो आणि काड्या पसरलेल्या त्यांनी चालवून घेतल्या आणि वर चहा दिला.

एक प्रश्न राहिलाय. टेलव्हील (शेपटीखालचं चाक) रडरच्या (शेपटीचा डावीउजवीकडे वळणारा भाग) सर्व्होलाच जोडायचंय पण मैदान खडबडीत आहे, प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट गिअरवर जाईल. मध्ये दोन छोट्या स्प्रिंगा टाकाव्यात असं माझ्या डोक्यात आहे, पण किती कडक घ्यायच्या ते ठरत नाहीये. तीन-चार प्रकारच्या आणून ठेवल्यात. रविवारी सकाळी येते, काडी घेऊनच येते.

तुमचीच,
एचटी-२ वाली