वहिनींच्या नावाने एक खातं

ती. दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर दादा म्हणाला, "घर तुझ्या पैशावर चाललंय." तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते वाक्य मनातून जाईना. फोनवर अशा गोष्टी अर्ध्यावर राहतात, म्हणून लिहिते आहे.

दादा, पैसे मी पाठवते हे खरं, पण मी इथे जर्मनीत निर्धास्त राहून काम करू शकते ती आईजवळ वहिनी आहेत म्हणून. मी दिवसभर इथल्या म्हाताऱ्या माणसांचं जे करते तेच त्या घरी आईचं करतात. मला त्याचा पगार मिळतो, पेन्शनही मिळणार आहे. त्यांना यातलं काहीच नाही.

जर्मनीत पासष्टीच्या पुढचे लोक साधारण 22 टक्के आहेत. त्यांना सांभाळायला माणसं पुरत नाहीत, म्हणून तर आम्हाला इथे बोलावतात. आमच्या मजल्यावर बहुतेक बायकाच, त्यातही बाहेरून आलेल्या जास्त. फिलिपिन्सची एक सहकारी आहे, तिची मुलं तिची बहीण सांभाळते. म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांना ती बघते, तिच्या मुलांना तिची बहीण, आणि त्या बहिणीचं कोण बघतं हे कुणी विचारत नाही. आपल्या घरात तरी वेगळं काय आहे?

इथे 1995 पासून सेवा-शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. पगारातून हप्ता कापला जातो. म्हातारं माणूस घरीच राहिलं आणि घरच्यांनीच त्याचं केलं, तर त्याला किती मदत लागते ते ठरवून 2025 च्या दराने महिन्याला 347 ते 990 युरो त्या माणसाच्या हातात येतात. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी तरतूद. आठवड्याला निदान 10 तास घरच्या माणसाचं करणारी सून किंवा मुलगी असेल, तर ठरावीक अटींवर तिच्या पेन्शनचा हप्ता विमा भरतो. तिने नोकरी सोडली तरी ती वर्षं वाया गेली असं होत नाही.

हे असूनही इथल्या आज्यांची पेन्शन आजोबांपेक्षा बरीच कमी असते. तरुणपणी मुलं, मग सासूसासरे, मध्ये कधी अर्धवेळ नोकरी. ज्या वर्षांत हप्ता गेला नाही, त्या वर्षांचं म्हातारपणी काही येत नाही. वहिनी, तुमचं असं होऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

आणखी एक सांगते. बल्गेरियाहून आलेली एक बाई बर्लिनमध्ये एका वृद्ध बाईंच्या घरी राहून त्यांना सांभाळत होती. करार आठवड्याला 30 तासांचा, पण रात्रीसुद्धा हाक आली की उठायचं. ती कोर्टात गेली आणि 2021 मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलं, की हाकेच्या अंतरावर थांबण्याच्या वेळेचेही किमान वेतन द्यावं लागेल. हे वाचल्यापासून आईच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्या वहिनी डोळ्यांसमोर येतात. त्या झोपेला आपण आजवर काम म्हटलेलं नाही.

भारत सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची 88. दादा, तू आईचं करत नाहीस असं मी म्हणत नाही. औषधं तूच आणतोस, डॉक्टरकडे तूच नेतोस. पण अंग पुसणं, कूस बदलणं, रात्रीचं उठणं हे सगळं वहिनींकडेच आहे.

म्हणून मी असं ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून पैशाचे दोन भाग. घरखर्चाचा नेहमीसारखा तुझ्या खात्यात आणि एक वेगळा भाग थेट वहिनींच्या खात्यात. त्यातून त्यांच्या नावाने एनपीएस, म्हणजे सरकारची राष्ट्रीय पेन्शन योजना, सुरू करायचं. हा हातखर्च नाही आणि बक्षीस तर नाहीच. घरात अडचण आली तरी त्याला हात लावायचा नाही. अडचण असेल तर मला सांगा, मी बघते. माझी काळजी करू नका. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे, त्यामुळे मी पुढे परत आले तरी माझी पेन्शन मला तिथे मिळेल.

आणि आठवड्यातून दोन रात्री आईजवळ तू झोपायचं. हे पैशाने होणारं काम नाही.

वहिनी, आईला एकटीने उचलू नका, कंबर जाईल. तिचा पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यावर, एक कमरेच्या हाडावर, आणि आपल्याकडे वळवायचं. खाली दुमडलेली चादर ठेवलीत तर वर सरकवताना दोघांनी दोन बाजूंनी धरता येते, ओढावं लागत नाही. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाडावर लाली दिसली आणि बोटाने दाबल्यावरही ती गेली नाही, तर त्याच दिवशी मला फोटो पाठवा आणि डॉक्टरांनाही दाखवा. तिथे चोळू नका.

दादा, वहिनींचं पॅन, आधार आणि बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान या आठवड्यात पाठव. नॉमिनी कोण ठेवायचं ते त्यांनाच ठरवू दे.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी