स्पेलिंग पाठ, अर्थ बेपत्ता

महोदय,
माझी नात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत दुसरीत आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, म्हणजे मराठी तिची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. परवा तिनं 'एलिफंट'चं स्पेलिंग धडाधड म्हणून दाखवलं. 'म्हणजे काय गं?' विचारलं, तर वही चाळायला लागली! वहीत तोच शब्द दहा वेळा, खाली लाल पेनानं 'गुड'. मी तेलुगूत 'एनुगु' (हत्ती) म्हणालो, तेव्हा कुठं चेहरा उजळला.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, ते आधी ऐकावं-बोलावं म्हणून. 'स्टँड अप', 'ओपन द डोअर' म्हणत मुलांना उठवलं-बसवलं की अर्थ आपोआप कळतो. लिहिणं मागाहून येतं. बाईंना दोष देत नाही. पट मोठा, वर माहिती भरायची कामं (ती काही संपत नाहीत). पण रोज पंधरा मिनिटं वह्या मिटायला काय हरकत आहे?

आमच्या घरी यंत्रमागावर टॉवेल निघतात. 'टॉवेल' हा शब्द इंग्रजी आहे, हे नातीला अजून ठाऊकच नाही.

- एक आजोबा, सोलापूर