ताई, नमुना परत पाठवलात त्याबद्दल आभार

ताई आणि भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

माती, पाणी आणि पानांचे देठ तपासणाऱ्या तुमच्या प्रयोगशाळेला निफाड-दिंडोरीकडच्या आम्हा द्राक्षबागायतदारांचं हे पत्र. पैसे भरले की रिपोर्ट कुठेही मिळतो, त्यामुळे आभार त्याचे मानत नाही. चुकीचा घेतलेला नमुना तुम्ही काउंटरवरूनच परत करता, त्याचे मानतो. यंत्रांचे हप्ते चालू असताना आलेली फी परत करायला छाती लागते.

"पातं खुडलंय का?" हा तुमचा पहिला प्रश्न आता सगळ्यांना पाठ आहे. पातं म्हणजे देठापुढचा पानाचा पसरट भाग. खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतर, साधारण ४५ दिवसांनी काडीच्या बुडाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यायचा. गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी होणाऱ्या छाटणीनंतर, पूर्ण फुलोऱ्यात, घडासमोरच्या पानाचा. प्लॉटभर फिरून एकाच वाणाचे शंभर-सव्वाशे देठ, आणि पातं वेलीपाशीच खुडायचं. ते राहिलं तर देठातलं अन्न ओढत राहतं आणि आकडा फसवा येतो. पिशवी कागदी हवी, प्लास्टिकात देठ घामेजून कुजतात.

सगळ्यात जास्त फसगत होते फवारणीमुळे. मॅन्कोझेब या बुरशीनाशकात मँगनीज आणि झिंक असतं, मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात तांबं. ताज्या फवारणीचा देठ साबणाच्या पाण्यातून, सौम्य आम्लातून, डिस्टिल्ड पाण्यातून काढला तरी थोडं चिकटून राहतंच. मग कागदावर झिंक भरपूर आणि वेल उपाशी! शेवटची फवारणी कोणती आणि कधी, हे चिठ्ठीवर लिहायला तुम्हीच लावलंत.

मातीचंही तसंच. ठिबकखाली ओल जिथे संपते त्या कडेला क्षार साठतात. एक खड्डा ड्रीपरखाली आणि दुसरा कडेला घेतला, तर एकाच ओळीत दोन वेगळ्या जमिनी निघतात. म्हणून प्रत्येक खड्डा ड्रीपरपासून सारख्याच अंतरावर, व्ही आकाराचा, ३० सेंटिमीटर खोल. शेवटी सगळी माती कालवून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत करत अर्धा किलो ठेवायची. जस्ताच्या बादलीत माती कालवली की झिंकचा आकडा गेलाच.

बोरचं पाणी दहा-पंधरा मिनिटं वाहू द्यायचं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि काठोकाठ भरायची. वर हवा राहिली तर बायकार्बोनेटचा आकडा हलतो, आणि आरएससी, म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणारा आकडा, त्यावरच निघतो. तो लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेला की पाणी नुसतं सोडून चालत नाही. चुनखडीच्या जमिनीत जिप्समआधी गंधकाचा विचार करा, हे तुम्ही रिपोर्टखाली मराठीत लिहून देता. आकडे वाचता येणारे पुष्कळ भेटतात, त्यावर काय करायचं ते सांगणारे थोडे.

भाऊजी आतल्या खोलीत असतात, म्हणून त्यांचं नाव कमी निघतं. रोज सकाळी ईसी मीटर, म्हणजे क्षारांचं प्रमाण मोजणारं यंत्र, पोटॅशियम क्लोराइडच्या ठरलेल्या द्रावणात बुडवून २५ अंशांना १.४१३ (मिलिसीमेन्स प्रति सेंमी) येतंय का ते बघायचं, पीएच मीटर ४, ७ आणि ९.२ या ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर (बफर) लावायचा, आणि आकडा हलला तर त्या दिवशीचे नमुने थांबवायचे. रिपोर्ट एक दिवस उशिरा का येतो, ते आता कळलं. त्यावरून फोनवर कुरकुर केली, तेवढी माफ करा.

गोडी छाटणीचे देठ फुलोऱ्यात घेऊन येतो. पाती खुडून आणि चिठ्ठी भरून. कागदी पिशव्या संपत आल्यात, पन्नासेक काढून ठेवा.

आपले,
द्राक्षबागायतदार, नाशिक जिल्हा