बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आणि ईशाचा डिसेंबर

ती. आई आणि बाबांना,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेले तर माझा आवाज फुटेल, म्हणून लिहिते आहे. दादाला कल्पना दिली आहे, पण तू काही बोलू नकोस, मीच सांगते, असं त्याला बजावलं होतं. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही तिघंही पोहोचत नाही. आमची तिकिटं सोहळ्यानंतरची काढली आहेत, नाताळाच्या तोंडावरची. ईशाचा कार्यक्रम नेमका त्याच आठवड्यात येतोय आणि तो हलवणं कुणाच्याच हातात नाही.

गुरुजींनी काढून दिलेली तारीख तशीच राहू दे. हॉल ठरलाय, आत्याची गाडी ठरलीय, निमंत्रणं गेली आहेत. आमच्यासाठी काहीही पुढे ढकलू नका. आई, तू फोनवर नक्की म्हणशील, “तुम्ही नाही तर कशाला करायचं.” तसं म्हणू नकोस गं. करायचंच. एक्क्याऐंशी दिवे लावायचे, बाबांना चांगला नवा सदरा घालायचा आणि माझ्या वाटचं औक्षण वहिनीने करायचं.

आता कार्यक्रम काय आहे ते नीट सांगते, कारण मागच्या वेळी “गॅदरिंग आहे” एवढंच तुमच्या कानावर गेलं आणि बाबांना वाटलं, गॅदरिंगसाठी कोण सोहळा चुकवतं. हे गॅदरिंग नाही. ईशा शिकते त्या न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या कलाशिक्षणाच्या संस्थेत दर डिसेंबरात ‘न्यू डान्सेस’ होतं. नृत्याचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे वर्ग चार. प्रत्येक वर्गासाठी बाहेरून एकेक नृत्यदिग्दर्शक बोलावतात. आज जे स्वतःचं काम करतायत, ज्यांची नावं चर्चेत आहेत, अशी माणसं. ती येऊन त्या वर्गावर एक कोरं नृत्य बसवतात, वर्गातल्या प्रत्येकाला घेऊन. ईशाच्या वर्गात साधारण २४ जण आहेत. लिंकन सेंटरमधल्या पीटर जे शार्प थिएटरमध्ये, ९०० हून जास्त खुर्च्यांसमोर, ती चार नृत्यं पहिल्यांदा लोकांना दिसतात. पुढे त्यांचा प्रयोग कुठे होईल, होईलच का, हे कुणी सांगू शकत नाही.

बाबा, तुम्ही विचाराल की तिच्या जागी दुसरी एखादी मुलगी नाही का चालणार. जुनं बसलेलं नृत्य असतं तेव्हा चालतं. पावलं ठरलेली असतात, एकीने सोडलं तर दुसरी शिकते. इथे पावलं आधी नसतातच. दिग्दर्शक काहीतरी सांगतो, मुलं आपापल्या अंगातून काढून दाखवतात, तो त्यातलं थोडं ठेवतो, पुष्कळ टाकून देतो, उरलेलं उलटंपालटं करून जोडतो. दोन महिन्यांनी जे तयार होतं ते त्याच मुलांच्या हाडामांसातलं असतं. ईशा निघून आली तर तिच्या नावाची जागा भरता येईल, पण मग ते नृत्य हे राहणार नाही.

आणि या नृत्यात तुम्ही आहात, बाबा. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं, पण आता थांबवत नाही.

सप्टेंबरात पहिल्या तालमीला त्यांच्या दिग्दर्शिकेने सगळ्यांना सांगितलं, घरातल्या एका माणसाचं उभं राहणं करून दाखवा. चालणं नको, चेहरा नको, नुसतं उभं राहणं. कुणी आजीचं नळाशी उभं राहणं केलं, कुणी वडिलांचं दुकानातलं. ईशाने तुमचं केलं, चालत्या एस्टीतलं. तुम्ही रिटायर झालात तेव्हा ही जन्मलीही नव्हती. पण मे महिन्यात ओसरीवर खुर्च्यांच्या दोन रांगा लावून तुम्ही तिला सांगली–रत्नागिरी गाडी खेळवायचात ना? चामड्याची पिशवी गळ्यात, तिकिटांचा ट्रे डाव्या हातात, चिमटा उजव्या हातात, “आंबा घाट आला, धरून बसा!” पोरीने ते सगळं अंगात साठवून ठेवलंय. तिने मला स्वयंपाकघरात करून दाखवलं. पायांत खांद्यांइतकं अंतर, एक पाऊल जरासं पुढे, गुडघे सैल, कंबर सीटच्या दांडीला टेकलेली, दोन्ही हात कामात. आणि वळण यायच्या आधीच कंबर सरकते, वळण आल्यावर नाही. मी लहानपणी तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून हेच बघायचे. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

दिग्दर्शिका म्हणाली, पुन्हा कर, पण आता दांडी काढून टाक. म्हणजे टेकायला काही नाही आणि घाट तर चालूच. ईशा पडली. पुन्हा केलं, पुन्हा पडली. मग तिने अख्ख्या वर्गाला ते शिकवायला सांगितलं. आता त्या नृत्याच्या मध्यावर सगळे जण रंगमंचभर उभे असतात, गाडी नाही, दांडी नाही, आणि सगळे एकदम वळण घेतात. कुणी पडतो, शेजारचा त्याला न बघता सावरतो. ईशा सांगते की तिथे संगीत थांबतं आणि फक्त पायांचे आवाज ऐकू येतात. मधूनच कुणीतरी जिभेने चिमट्यासारखा टक आवाज काढतो. तो तुमचा आवाज आहे, बाबा.

तुम्हाला शास्त्र आवडतं म्हणून सांगते. ज्युलियार्ड १९०५ सालचं, पण नृत्यविभाग १९५१ साली मार्था हिल नावाच्या बाईंनी सुरू केला. बॅले आणि मॉडर्न, दोन्ही एकाच छताखाली शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. तेव्हाच्या शिक्षकांत मार्था ग्रॅहम होत्या, डोरिस हम्फ्री होत्या. या हम्फ्रीबाईंचं म्हणणं असं की माणसाचं शरीर सतत पडत असतं आणि सतत सावरत असतं, आणि नृत्य घडतं ते या दोन्हींच्या मधे. त्यांचे शिष्य होसे लिमोन, मूळचे मेक्सिकोचे, त्यांनी त्यातून आपली पद्धत घडवली. ती पद्धत ईशा तिथे शिकते. आपले अस्ताद देबूसुद्धा कथक शिकून झाल्यावर ही लिमोनची पद्धत शिकायला न्यूयॉर्कला आले होते. मला हे सगळं इथे येऊन कळलं. तुम्हाला ते आंबा घाटात, कुणी न शिकवता, पगार मिळवता मिळवता येत होतं.

आता तुमच्या मनात येईल की ठीक आहे, ईशा अडकली, पण सुमी एकटी तरी का येत नाही. मिलिंदनेही मला हेच विचारलं. येता आलं असतं, हे खरंच आहे, ते मी लपवत नाही. पण पहिल्या प्रयोगाला मला तिथे बसायचंय. माझ्या वेळचं तुम्हाला माहीत आहे, ते मी उकरत नाही. तेव्हा त्या पगारात, घरात एवढी माणसं असताना, तुम्ही जे ठरवलंत ते योग्यच होतं, आणि वालचंदला इंजिनीअरिंगला घातलंत म्हणूनच आज मी इथे आहे. माझ्या मनात काही उरलेलं नाही. फक्त ईशाला पडदा उघडताना अंधारात कुणीतरी आपलं बसलेलं असावं एवढंच वाटतं. बाबांच्या सोहळ्याला दादा आहे, वहिनी आहे, आत्या, मामा, सगळं गावभाग आहे. तिला इथे आम्ही दोघंच.

२०१९ च्या पुरात तुम्ही वरच्या मजल्यावर आणि मी इथे फोन कानाला लावून, तेव्हापासून लांब असण्याचं मला जे वाटतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. म्हणून ही तारीख हुकणं मला सोपं गेलंय असं कृपा करून समजू नका.

आई, तुझ्या शंका मला पाठ आहेत. ती जेवते. पुष्कळ जेवते. तू पाठवलेली भाजणी तिच्या होस्टेलवर आहे, मेतकूटही, आणि मी रविवारी डबे भरून देते. हाडं दिसतात म्हणतेस, ते स्नायू आहेत गं. गुडघ्यावर निळे डाग दिसले म्हणून व्हिडिओ कॉलवर तू घाबरलीस, तर ते जमिनीवर लोळण्याच्या तालमींचे आहेत, आता ती गुडघ्यांना पॅड बांधते. त्यांच्या खोल्यांची जमीन लाकडी आणि आतून लवचीक असते, वर मार्ले नावाचं कापडासारखं विनाइल अंथरतात, फरशीवर नाचत नाहीत. फिजिओथेरपिस्ट आहेत, शरीरशास्त्र अभ्यासात आहे. रात्री उशीर झाला तरी होस्टेल लिंकन सेंटरच्या आवारातच आहे, तिला रस्त्यावर फिरावं लागत नाही. प्रयोगाच्या दिवशी आम्हीच एडिसनहून पेन स्टेशनला उतरून एक नंबरच्या गाडीने ६६व्या रस्त्यापर्यंत जातो, थेट आहे, अवघड काही नाही.

बाबा, पोटापाण्याचं तुम्ही विचारत नाही, पण मनात असतं. चार वर्षांनी तिला पदवी मिळते. जर्मनीच्या नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश तरुणपणी शिष्यवृत्तीवर इथेच शिकायला आल्या होत्या, पॉल टेलर इथलेच, पण ते मोठे लोक, त्यांचं उदाहरण देऊन मी तुम्हाला फसवणार नाही. नृत्याच्या कंपनीत काम मिळणं कठीण असतं, मिळालं तरी पगार बेताचा. ‘न्यू डान्सेस’चा एक उपयोग हा की नवं काम करणाऱ्या माणसांबरोबर रोज तासन्तास राबल्यावर ती मुलांना ओळखतात, पुढे आठवण ठेवतात. शिष्यवृत्ती आहे, उरलेलं आम्ही दोघं बघतो, कर्जाचा डोंगर नाही. वाटलं तर शिकवेल. तिचं काही अडणार नाही, तुम्ही रात्री जागू नका.

आता सोहळ्याच्या दिवसाचं. आई, तू पाटावर बसायचं नाही. गुरुजी काहीही म्हणोत, पाठ असलेली खुर्ची घ्यायची, दादाला सांगून ठेवलंय. बाबांनी सकाळची बीपीची गोळी उपासाच्या नावाखाली टाळायची नाही. पाण्याबरोबर घेतली तर काही मोडत नाही, हवं तर गुरुजींना विचारा, तेही हेच सांगतील. होमाचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, तेव्हा पंखा लावून दार उघडं ठेवा. जिलबी एक. बाबा, एक म्हणजे एक, आणि आत्या ताटात दुसरी वाढायला आली की ताटावर हात धरा. लोक पाया पडायला रांग लावतील, सगळ्यांसाठी उठून उभे राहू नका, बसूनच आशीर्वाद द्या. संध्याकाळी थकवा आला तर घरी या, हॉलमधलं आवरायला माणसं आहेत.

न्हाणीघरात नवीन रबरी चटई आणि भिंतीला दांडा बसवायला माणूस येतोय, सोहळ्याच्या आधीच. त्याला “नंतर या” म्हणून परत पाठवू नका. रात्रीच्या मावशींचे पैसे मी दादाकडे देते आहे, त्यावरून घरात चर्चा नको. थंडी पडली की गीझर चालू ठेवून झोपू नका. माळ्यावरचं पितळेचं ताम्हन काढायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, शेजारचा मुलगा काढून देईल, मी त्याच्या आईशी बोलले आहे.

प्रयोगाचं चित्रीकरण करू देत नाहीत, त्यामुळे ते तुम्हाला पाठवता येणार नाही. पण ईशा म्हणते, आबांसमोर ओसरीवर करून दाखवते आणि कुठे चुकतं ते त्यांनीच सांगायचं. तिला एक शंकाही आहे. घाट उतरताना वजन टाचेवर ठेवायचात की चवड्यावर? दिग्दर्शिका आणि तिचा यावर वाद चाललाय. बाबा, आठवून दादाला सांगा, प्रयोगाआधी कळलं तर बरं.

आम्ही आलो की देवळात जाऊ, बाबांच्या हातून गणपतीला अभिषेक करू आणि मग घरच्या घरी, कुणाला न बोलावता, मी स्वतः ओवाळीन. आई, तेव्हा तू माझ्यासाठी पुरणपोळ्यांचा घाट घालू नकोस, मला तुझा साधा आमटीभात पुरतो.

तुझ्या गुडघ्याचा एक्सरे आला का? आला असेल तर आजच दादाला फोटो काढून पाठवायला सांग. आणि इथून काय आणू ते लिही. “काही नको” असं लिहिलंस तर मी माझ्या मनाने आणीन आणि मग तुला ते वापरावं लागेल.

तुमची
सुमी