मनोऱ्यावरून दिसतं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गिरण्यांच्या जुन्या इमारतींवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. मजकुराबद्दल तसं म्हणवत नाही. ‘या मनोऱ्यावरून मालक कामगारांवर नजर ठेवीत’ या वाक्याशी माझा चहा निवला.

अहो, नजर ठेवायला कामगारांच्या टोळीवरचा जॉबर होता, मुकादम होता, टाइमकीपर होता, गेटवर झडती घेणारा दरवान होता. त्यासाठी मालक कशाला मनोरा बांधतोय? आणि त्यावरून दिसतं काय, तर गिरणीचंच छप्पर! जानेवारी १९८२ चा संप लागेपर्यंत मी लालबागला एका गिरणीत फिटर होतो. दर सोमवारी तो जिना चढून टाकीतली पातळी बघणं माझ्या गळ्यात होतं. टाकी आगीच्या पाण्याची. सगळ्यात वरच्या मजल्याच्या छतापेक्षा ती उंच हवी, म्हणून मनोरा. पंप बंद असला तरी पाणी आपल्या वजनाने खाली येतं.

ते येताना मी पाहिलंय. ब्लो रूममध्ये कापसाच्या गाठी फोडतात. कापसातून लोखंडाचा एखादा तुकडा मशीनमध्ये गेला की ठिणगी उडते. एका दुपारी तशीच उडाली आणि भडका छताला लागला. छताच्या पायपांना स्प्रिंकलर असतात. त्यांचा जोड सत्तरेक अंशांना वितळतो आणि तोंड उघडतं. आम्ही बादल्या शोधतोय तोवर वरून गंजाचं काळं पाणी धो धो. आग विझली. खात्याचे मास्तर मात्र भिजलेल्या कापसासाठी आमच्यावर ओरडत होते!

गेल्या वर्षी नातू मला हौसेने जुन्या गिरण्या दाखवणाऱ्या एका ‘वॉक’ला घेऊन गेला. तिथला पोरगाही हेच नजरेचं सांगत होता. मी टाकीचं बोललो तर म्हणाला, ‘आजोबा, प्रश्न शेवटी घेऊया.’ शेवटी टी-शर्ट विकले.

लेखात करवतीच्या दात्यांसारखं काचेचं छप्पर म्हणे ‘हवा खेळती राहावी म्हणून’. साचा खात्यात, म्हणजे जिथे माग चालत तिथे, हवा? सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद आणि वर दमट वाफारा, हे आमच्या छातीला विचारा. त्या काचा उत्तरेकडे असत, थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा आणि ताण्यातला तुटका धागा साचेवाल्याला दिसावा म्हणून. भिंतीवरच्या लोखंडी चकत्याही ‘नक्षी’ नव्हेत. इमारतीतून आरपार गेलेल्या सळ्यांची ती टोकं. त्यांनी भिंती बाहेर कलायच्या थांबतात.

लेखकाने एखाद्या जुन्या कामगाराला विचारायला हवं होतं. अजून काही जण शिल्लक आहोत.

जाता जाता. माझ्या मागच्या पत्राची शेवटची चार वाक्यं आपण कापली होती. मुद्दा त्यातच होता. हेही कापायचं असेल तर वरचा ‘सुरेख’ कापा.

आवारातल्या तळ्याला लेखात ‘वॉटर फीचर’ म्हटलंय. वाफेच्या इंजिनाच्या कंडेन्सरमधून आलेलं गरम पाणी तिथे निवायला सोडत. त्या तळ्यात आम्ही काय काय धुतलं, ते जागा दिलीत तर कळवीन.

आपला,
एक जुना फिटर, काळाचौकी