लागोपाठच्या छोट्या क्रूझ आणि दर्जाचे गणित

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी सकाळी परतणारी ३ रात्रींची सफर, आणि त्याच जहाजावर सोमवार ते शुक्रवार ४ रात्रींची दुसरी. मायामी, पोर्ट कॅनव्हेरल किंवा लॉस एंजेलिसहून अशा जोडसफरी लागोपाठ घ्यायच्या आणि क्रूझ कंपनीच्या लॉयल्टी योजनेत, म्हणजे नियमित प्रवाशांना लाभ देणाऱ्या योजनेत, वरचा दर्जा गाठायचा, हा बेत निवृत्त दांपत्यांना मोहात पाडतो. वेळ हाताशी असतो, शाळांच्या सुट्या पाळाव्या लागत नाहीत, मंदीच्या हंगामातल्या स्वस्त तारखा धरता येतात. पण हा बेत सुचवणारे एक प्रश्न हमखास गाळतात: कंपनी मोजते काय? रात्री, सफरी की खर्च? हे न पाहता कित्येक जोडपी हजारो डॉलर चुकीच्या जागी घालू शकतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

रॉयल कॅरिबियन कंपनीची क्राउन अँड अँकर सोसायटी ही योजना रात्री मोजते. साध्या केबिनला दर रात्री माणशी १ गुण, सुइटला २. ३० गुणांवर प्लॅटिनम, ५५ वर एमराल्ड, ८० वर डायमंड, १७५ वर डायमंड प्लस आणि ७०० वर पिनॅकल. ३ अधिक ४ रात्रींचे ७ गुण होतात आणि सात रात्रींच्या एका सफरीचेही ७च. म्हणजे सफरींचे तुकडे पाडून एकही गुण जास्त मिळत नाही. शून्यापासून डायमंडपर्यंत जायला ११ जोडसफरी आणि वर ३ रात्रींची एक, अशा २३ सफरी लागतात. २३ वेळा चेक-इन, २३ वेळा सुरक्षा कवायत, २३ बिले. सात रात्रींच्या १२ सफरींत तोच टप्पा ओलांडून ८४ गुण होतात. पिनॅकलसाठी १०० जोडसफरी, म्हणजे जवळपास दोन वर्षे समुद्रावर!

याच योजनेत आणखी एक फट आहे. केबिनमध्ये एकटाच राहून दोघांचे भाडे भरणाऱ्याला रात्रीला २ गुण मिळतात, आणि एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नींपैकी ज्याचा दर्जा वरचा, तो दुसऱ्यालाही लागू होतो. त्यामुळे एकाने ४० रात्री एकट्याने काढल्या की दोघेही डायमंड. हिशेब बरोबर आहे, खर्चही निम्म्यावर येतो. पण जोडीने फिरण्यासाठी केलेल्या बेतात एकाने घरी थांबायचे आणि दुसऱ्याने उतारवयात चाळीस रात्री एकट्याने काढायच्या, हे आम्हाला पटत नाही.

सफरी मोजणाऱ्या योजनेत मात्र चित्र पालटते. प्रिन्सेस कंपनीच्या कॅप्टन्स सर्कल योजनेची अनेक वर्षे चालत आलेली अट अशी: ५ सफरी किंवा ५० दिवस पूर्ण झाले की प्लॅटिनम, १५ सफरी किंवा १५० दिवस झाले की एलिट. तीन-तीन रात्रींच्या १५ सफरी केल्या तर ४५ रात्रींत एलिट पदरात पडते. लांब सफरी करणाऱ्याला त्यासाठी कितीतरी जास्त रात्री जहाजावर काढाव्या लागतात. छोट्या सफरींच्या युक्तीला अर्थ आहे तो अशा ठिकाणी. त्यातही एक खोच आहे. जोडसफरीचे दोन्ही टप्पे स्वतंत्र बुकिंग क्रमांकांवर असले तरच दोन सफरी धरल्या जातात. तेच टप्पे जोडून कंपनी एक लांब सफर म्हणूनही विकते, कधी थोड्या कमी भावात. ती घेतली की सफर एकच. एजंटला हे आधी स्पष्ट सांगावे आणि दोन क्रमांक हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीत रात्रीबरोबर केबिनचा प्रकारही धरतात. आतली किंवा खिडकीची केबिन असेल तर रात्रीला २ गुण, बाल्कनीला ३, कॉन्सिअर्ज वर्गाला ५. एलिट दर्जाला ३०० गुण लागत असल्याने आतल्या केबिनमधून १५० रात्री आणि बाल्कनीतून १०० रात्री. हॉलंड अमेरिका दिवसांबरोबर जहाजावरचा खर्चही जमेस धरते, दर ३०० डॉलरला एक जादा दिवस. आणि कार्निवलने जून २०२५ मध्ये जाहीर केले की दिवस मोजण्याची जुनी पद्धत सोडून जून २०२६ पासून खर्चावर आधारलेली योजना आणणार, दर्जाही दोन वर्षांच्या कमाईवर ठरणार. २०० दिवसांच्या डायमंडसाठी वर्षानुवर्षे स्वस्त आतल्या केबिनमधून दिवस साठवणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळला असेल. म्हणून पाच-सहा वर्षांत मिळणाऱ्या दर्जासाठी आज जादा पैसे मोजू नयेत. जी सफर दर्जाशिवायही केली असती, तीच करावी.

आता खर्च. जाहिरातीत दिसते ते भाडे. त्यावर बंदराचे शुल्क आणि कर लागतात, आणि यातले बरेचसे रात्रीवर नसून सफरीवर आकारले जातात. मेक्सिकोने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशावर माणशी ५ डॉलरचा कर लावला. तो ३ रात्रींच्या सफरीला जेवढा, तेवढाच ७ रात्रींच्या सफरीला. सफरी जितक्या तुकड्यांत, तितके हे ओझे वाढते. टिप मात्र रात्रीवर असते. रॉयल कॅरिबियनमध्ये साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर धरले तर ८० रात्रींचे दोघांचे २,९६० डॉलर होतात, आणि दर्जाच्या हिशेबात ही रक्कम कोणी मांडत नाही. शिवाय छोट्या सफरींवर जुनी जहाजे असतात म्हणून त्या स्वस्त, ही समजूतही आता ढिली झाली आहे. ‘युटोपिया ऑफ द सीज’ हे प्रचंड जहाज जुलै २०२४ मध्ये पोर्ट कॅनव्हेरलहून थेट ३ आणि ४ रात्रींच्या सफरींवरच उतरवले गेले. शुक्रवार ते सोमवार हा तर तिथल्या नोकरदारांचा काळ, त्यामुळे रात्रीमागचा दर आठवड्याच्या मधल्या सफरीपेक्षा बहुधा चढाच असतो. तुलना नेहमी सगळे कर आणि टिप धरून, दोघांची मिळून, दर रात्रीची करावी.

मिळते काय, तेही पाहू. रॉयल कॅरिबियनच्या डायमंडला रोज चार पेये मोफत, प्रत्येकी १४ डॉलरपर्यंतची. कागदावर ती माणशी ५६ डॉलर होतात. मद्य न घेणाऱ्या जोडप्याला तीच व्हाउचर कॉफी, सरबत, शीतपेये यांवर वापरता येतात, पण मग त्यांची किंमत १४ डॉलर धरू नये. एरवी खिशातून जेवढे खर्च केले असते, तेवढीच धरावी. प्रिन्सेसच्या एलिटला कपडे मोफत धुऊन मिळतात. लागोपाठ सफरी करणाऱ्यांना हा लाभ पेयांपेक्षा मोलाचा, कारण दहा-बारा दिवसांत बॅग रिकामी होते. छोट्या सफरींचा एक खरा फायदा मात्र सांगायलाच हवा. जे लाभ दिवसाला नसून सफरीला मिळतात, उदाहरणार्थ एका दिवसाचे मोफत इंटरनेट, ते जोडसफरीत आठवड्यात दोनदा मिळतात.

आणि दर्जाचा टप्पा कुठे ओलांडायचा, हेही ठरवून करावे. गुण सफर संपल्यावर जमा होतात, मधेच दर्जा चढत नाही. ७७ गुण असताना सात रात्रींची सफर घेतली तर ती पूर्ण एमराल्डवरच जाते. त्याऐवजी ३ अधिक ४ घेतल्या तर पहिल्या टप्प्यानंतर ८० होऊन दुसरा टप्पा डायमंडवर करता येतो. यंत्रणेत नोंद व्हायला काही दिवस लागतात, म्हणून पहिल्या टप्प्याच्या शेवटच्या दिवशी जहाजावरच्या लॉयल्टी डेस्कवर जाऊन सांगावे आणि नव्या कार्डावर दर्जा छापून आला का, ते तपासावे. रात्री मोजणाऱ्या योजनेत छोट्या सफरीचा असा नेमका उपयोग वर्षातून एखाद्या वेळीच होतो, पण तो चुकवू नये.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन सफरींच्या मधल्या सकाळी. आदल्या दिवशी केबिनमध्ये पत्र येते: इन-ट्रान्झिट (त्याच जहाजावर पुढची सफर करणाऱ्या) प्रवाशांनी अमुक वाजता अमुक दालनात जमावे. पत्र आले नाही तर संध्याकाळीच गेस्ट सर्व्हिसेसला विचारावे. पासपोर्ट, पहिल्या सफरीचे कार्ड आणि दुसरीचा बोर्डिंग पास, तिन्ही हातात ठेवावेत. अमेरिकन बंदरात जुने प्रवासी सगळे उतरून जहाजावरची मोजणी शून्य झाल्याशिवाय नव्यांना चढवत नाहीत. म्हणून इन-ट्रान्झिट प्रवाशांना शेवटी एकत्र उतरवतात, इमिग्रेशनमधून नेतात आणि सर्वसाधारण बोर्डिंगच्या आधी परत चढवतात. एखादा प्रवासी केबिनमध्ये झोपून राहिला तर साऱ्यांनाच ताटकळत उभे राहावे लागते. हे चालणे आणि उभे राहणे गुडघेदुखीच्या माणसाला जड जाते. व्हीलचेअर हवी असेल तर आदल्या दिवशीच नोंदवावी, सकाळी ऐनवेळी ती मिळेलच असे नाही. त्या दिवशी शहरात फिरायचे असेल तर पहिल्या गर्दीबरोबर उतरून इन-ट्रान्झिट कार्डावर परतता येते.

केबिन तीच असेल तर सामान हलवावे लागत नाही. वेगळी असेल तर बॅगा भराव्यात, हँगरवरचे कपडे तसेच ठेवावेत, केबिन अटेंडंट ते नव्या केबिनमध्ये नेतो. औषधे, दागिने, कागदपत्रे मात्र स्वतःजवळच. तीच केबिन हवी असेल तर दोन्ही टप्प्यांत मोकळा असलेला क्रमांक शोधून एकाच वेळी बुक करावा आणि दोन्ही बुकिंगे एकमेकांशी जोडून घ्यावीत. सर्वांत स्वस्त ‘गॅरंटी’ दरात केबिन कंपनी ठरवते, तिथे ही खात्री नसते. एका टप्प्यावर अपग्रेडची बोली लावली आणि ती लागली तरी केबिन बदलते.

पहिल्या सफरीचे खाते त्या मधल्या सकाळीच बंद होते. परत न मिळणारे ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला खात्यात दिलेली रक्कम) उरले असेल तर ते बुडते, म्हणून आदल्या रात्रीपर्यंत वापरून टाकावे. पेयांचे आणि इंटरनेटचे पॅकेजही तिथेच संपते, दुसऱ्या टप्प्याचे वेगळे घ्यावे लागते. दुसऱ्या सफरीचे ऑनलाइन चेक-इन पहिलीवर चढण्याआधीच उरकावे, समुद्रावरच्या इंटरनेटवर ते करत बसू नये. सुरक्षा कवायत पुन्हा सांगितली तर कुरकुर न करता करावी.

पैसे भरण्याच्या मुदतीही दोन असतात. रॉयल कॅरिबियनमध्ये ४ रात्रींपर्यंतच्या सफरीला अंतिम भरणा ७५ दिवस आधी आणि ५ ते १४ रात्रींना ९० दिवस आधी. ४ अधिक ७ अशी जोडी असेल तर एकीची मुदत उलटून गेल्यावरही दुसरी खुली असते, आणि त्या मधल्या ११ दिवसांत बेत बदलला तर एका सफरीवर दंड बसतो. दोन्ही तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.

एका कायद्याची माहिती नसल्याने अख्खी जोडी रद्द होऊ शकते. अमेरिकेच्या १८८६ च्या पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्टनुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला प्रवाशाला एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात नेऊन सोडता येत नाही. वाटेत दूरचे परदेशी बंदर घेतले तरच चालते. लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर ही सफर कायदेशीर, व्हँकुव्हर ते अलास्कातील व्हिटियर हीही कायदेशीर. पण एकाच जहाजावर दोन्ही जोडल्या की तो प्रवास लॉस एंजेलिस ते व्हिटियर ठरतो, आणि व्हँकुव्हर हे दूरचे बंदर धरले जात नाही. संकेतस्थळ दोन्ही बुकिंगे बिनतक्रार स्वीकारू शकते आणि कंपनी नंतर कळवते. ज्या बंदरातून निघालो तिथेच परत येणाऱ्या जोडसफरीला ही अडचण नाही. व्हिसा लागणाऱ्यांनी तो अनेक प्रवेशांचा आहे ना, हे मात्र पाहावे. प्रत्येक फेरीत देशाबाहेर जाऊन परत प्रवेश करावा लागतो.

आरोग्याबद्दल दोनच गोष्टी. विमा दोन्ही बुकिंगांचा एकत्र खर्च धरून काढावा. पहिल्या टप्प्याच्या शेवटी आजारपण आले तर दुसरा टप्पाही जातो, आणि पॉलिसीत फक्त पहिला नोंदवलेला असेल तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. अमेरिकेतल्या निवृत्तांनी लक्षात घ्यावे की जहाज अमेरिकन बंदरापासून सहा तासांहून दूर असताना झालेल्या उपचाराचे पैसे मेडिकेअर ही तिथली ज्येष्ठांची सरकारी आरोग्य विमा योजना देत नाही. दुसरे म्हणजे नोरोव्हायरस. त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबणाने नीट हात धुवावेत. जुलाब-उलट्या सुरू असताना दुसऱ्या सफरीच्या आरोग्यपत्रावर खोटे लिहू नये. केबिनमध्ये वेगळे ठेवले जाण्याचा त्रास दोघांपुरता असतो, लपवण्याचा त्रास हजारोंना होतो.

शेवटी आपल्या पर्यटन पुरवणीला एक विनंती. लॉयल्टी योजनांचे तक्ते छापताना प्रत्येक कंपनीपुढे ती रात्री मोजते, सफरी की खर्च, हा रकाना जरूर द्यावा, आणि नियम कोणत्या तारखेला तपासला तेही छापावे.

आपले,
दोन नियमित वाचक